नास्तिकतेचे उसने प्रमाणपत्र

जनगणनेचा प्रगणक दारात येतो, तेव्हा त्याच्याजवळच्या प्रश्नावलीत धर्माचा एक रकाना असतो. ‘मी नास्तिक आहे’ असे सांगणाऱ्याने त्या रकान्यात काय नोंदवावे, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटला तरी त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक वाद दडलेला आहे. २०११ च्या जनगणनेत ज्यांचा धर्म नोंदलाच गेला नाही अशांची संख्या सुमारे २९ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२ टक्के इतकी निघाली. त्यांत खरे नास्तिक किती, उदासीन किती आणि प्रगणकाच्या प्रश्नांना कंटाळलेले किती, हे त्या आकड्यावरून उमगत नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. नास्तिकता म्हणजे केवळ एक रिकामा रकाना, की इतर मतांप्रमाणे तीही एक विचारसरणी, याचा विचार करण्यास हा प्रसंग अनुचित नाही.

न्यायालयांसमोर हा प्रश्न यापूर्वीच येऊन गेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका कैद्याने तुरुंगात नास्तिकांचे अभ्यासमंडळ काढण्याची अनुमती मागितली. इतर धर्मांच्या मंडळांना जी सवलत मिळते, ती आपल्यालाही मिळावी, असे त्याचे म्हणणे होते. तुरुंगाधिकाऱ्यांनी नकार दिला. २००५ साली तेथील सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीपुरते पाहता नास्तिकता हा त्या कैद्याचा धर्मच मानावा लागेल. आपल्याकडे २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने निराळ्या बाजूने विचार केला. कोणत्याही नागरिकावर आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासनाला करता येणार नाही आणि ‘मला कोणताच धर्म नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्यही घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने सांगितले. या दुसऱ्या निर्णयाविषयी हिंदू मनाला खेद वाटण्याचे काहीच कारण नाही. ज्याला देव मानवत नाही त्याच्या तोंडून बळेच देवाचे नाव वदवून घेणे, हा हिंदू समाजाचा कधीच बाणा नव्हता.

नास्तिक मंडळींचा यावर एक आवडता युक्तिवाद आहे. नास्तिकता हा जर धर्म असेल, तर टपालाची तिकिटे न जमविणे हाही एक छंद म्हणावा लागेल! युक्तिवाद चटकदार आहे आणि अर्धा खराही आहे. ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा पटला नाही म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाजवळ एक निष्कर्ष असतो, विचारसरणी नसते. त्या निष्कर्षातून त्याचे अर्थकारण ठरत नाही, राजकारण ठरत नाही, त्याने शेजाऱ्याशी कसे वागावे हेही ठरत नाही. परंतु तिकिटे न जमविणारे लोक तिकिटे न जमविण्याच्या परिषदा भरवीत नाहीत, त्यासाठी नियतकालिके चालवीत नाहीत, आणि तिकिटे जमविणाऱ्यांची बुद्धी अविकसित आहे असे शालेय मुलांना सांगत फिरत नाहीत. मानवी इतिहासातील बहुतेक दुःखांचे मूळ श्रद्धेत आहे, श्रद्धेचा लोप झाला की मनुष्य विवेकी होईल, आणि हा लोप घडवून आणणे हे शिक्षणाचे, किंबहुना राज्यसंस्थेचेच कर्तव्य आहे, असे ज्या क्षणी प्रतिपादन होऊ लागते, त्या क्षणी नकाराचे रूपांतर विचारसरणीत झालेले असते. मग इतर विचारसरणींना जे प्रश्न विचारले जातात, ते तिलाही विचारले गेले पाहिजेत. तिचा दावा काय, आधार कोणता आणि सत्ता हाती आली तेव्हा तिने काय केले, हे सारे तपासावे लागते.

या भेदाची जाण भारताला फार पूर्वीपासून होती. मुळात ‘नास्तिक’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ ‘ईश्वर न मानणारा’ असा नव्हताच. मनूच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. पाणिनीच्या सूत्रावरील व्याख्याकारांच्या मते परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. सांख्यदर्शनाने जगाची उपपत्ती प्रकृती आणि पुरुष यांच्या साहाय्याने लावली आणि जगत्कर्त्या ईश्वराची आवश्यकता मानली नाही. पूर्वमीमांसकांनी यज्ञकर्माचा एवढा प्रपंच उभारला, पण त्यातही सृष्टी निर्माण करणाऱ्या ईश्वराला स्थान दिले नाही. तरीही ही दोन्ही दर्शने आस्तिक गणली गेली. चार्वाक तर वेद, परलोक आणि ईश्वर तिन्ही नाकारणारा. पण चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचला, तेव्हा पहिले प्रकरण चार्वाकाचेच लिहिले. खंडन करण्यासाठी लिहिले हे खरे, परंतु आधी त्याचे म्हणणे त्याच्याच जोमाने मांडून मग लिहिले. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’त ईश्वरसिद्धी केली, तीही प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून समोर ठेवूनच. चार्वाकांचे स्वतःचे सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाहीत आणि त्यांचे मत बहुतांशी विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळते, ही उणीव कबूल केली पाहिजे. तथापि पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडण्याची ही रीत जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आजचे अनेक लेखक चार्वाकाला आद्य वैज्ञानिक म्हणून गौरवितात. परंतु चार्वाकाचा मुख्य आग्रह प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण, असा होता. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी ही व्याप्ती सर्व काळी आणि सर्व स्थळी तपासून कोण पाहणार, असे विचारून त्याने अनुमानाचा पायाच उखडला. पुढे पुरंदरासारख्या चार्वाकाने लौकिक व्यवहारापुरते अनुमान मान्य केले, पण मूळ भूमिका ती होती. आधुनिक विज्ञान तर अनुमानावरच उभे आहे. अणूचे अंतरंग कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्याच्या परिणामांवरून ते सिद्ध झाले आहे. म्हणजे भारतातील सर्वांत कडवा नास्तिक पक्ष विज्ञानाच्या पद्धतीपासून दूर उभा होता, आणि अनुमानाची बाजू लढविणारे नैयायिक ईश्वरवादी होते. नास्तिकता आणि विज्ञान ही जुळी भावंडे आहेत, हा समज येथेच पहिली ठेच खातो.

नकार हा एक विचार म्हणून समाजात नांदणे आणि तोच सत्तेचे धोरण होणे, यांतील अंतर विसाव्या शतकाने रशियात दाखविले. १९२५ साली तेथे निरीश्वरवाद्यांची एक संघटना स्थापन झाली आणि १९२९ पासून तिने आपल्या नावात ‘लढाऊ’ हे विशेषणही लावून घेतले. एमेल्यान यारोस्लाव्स्की हा बोल्शेविक नेता तिचा सूत्रधार होता. ५ डिसेंबर १९३१ रोजी मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे भव्य कॅथेड्रल सुरुंग लावून पाडण्यात आले. त्या जागी ठरलेला सोव्हिएत प्रासाद कधीच उभा राहिला नाही आणि अखेरीस तेथे पोहण्याचा तलाव झाला. लेनिनग्राडमधील काझान कॅथेड्रलमध्ये १९३२ साली धर्म आणि नास्तिकता यांच्या इतिहासाचे संग्रहालय थाटण्यात आले. १९६४ मध्ये पक्षाच्या समाजशास्त्र अकादमीत ‘वैज्ञानिक नास्तिकता संस्था’ निघाली. या नावातील विशेषण लक्षात ठेवण्याजोगे आहे. अल्बानियाने १९६७ मध्ये देशातील सर्व मशिदी आणि चर्च बंद केली, आणि १९७६ च्या राज्यघटनेत तर असे कलमच घातले की, राज्य कोणताही धर्म मानत नाही आणि लोकांच्या ठायी वैज्ञानिक भौतिकवादी दृष्टी रुजविण्यासाठी नास्तिकतेच्या प्रचारास साहाय्य करते. ‘ही विचारसरणी नव्हे, हा केवळ विश्वासाचा अभाव आहे’ असे त्या कलमाविषयी कोण म्हणू शकेल?

याच राजवटीत विज्ञानाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. निकोलाय वाविलोव हा विसाव्या शतकातील एक थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. जगभर हिंडून त्याने पिकांची बियाणी गोळा केली आणि लेनिनग्राडमध्ये त्यांचा अपूर्व संग्रह उभा केला. आनुवंशिकतेचे शास्त्र त्याला मान्य होते, आणि ट्रोफीम लायसेंको या पक्षाच्या लाडक्या कृषितज्ज्ञाला ते मान्य नव्हते. ऑगस्ट १९४० मध्ये वाविलोवला अटक झाली, आणि अन्नधान्याच्या अभ्यासात आयुष्य वेचलेला हा शास्त्रज्ञ जानेवारी १९४३ मध्ये साराटोवच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मरण पावला. ऑगस्ट १९४८ मध्ये कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनाने लायसेंकोच्या मतावर अधिकृत शिक्कामोर्तब केले आणि देशातील आनुवंशशास्त्र कित्येक वर्षे मागे ढकलले गेले. लायसेंकोचे पाप थेट नास्तिकतेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ईश्वर न मानणारे अनेक शास्त्रज्ञही त्या वरवंट्याखाली भरडले गेले. परंतु आपले मत हेच विज्ञान, अशी एकदा शासनाची धारणा झाली की खरे विज्ञानही त्या मतापुढे आरोपी म्हणून उभे राहते. १९४७ साली झ्दानोवने विश्वाला सीमा आहे असे मांडणाऱ्या शास्त्रज्ञांवर जाहीर टीका केली होती. विश्व सान्त की अनंत, हे ठरविण्याचे काम आता दुर्बिणीकडे राहिले नव्हते.

मग विज्ञान या वादात कोणाच्या बाजूचे? १९७९ चा पदार्थविज्ञानाचा नोबेल पुरस्कार शेल्डन ग्लाशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग या तिघांना विभागून मिळाला. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण आण्विक बल ही मुळात एकच आहेत, हा सिद्धान्त सलाम आणि वाइनबर्ग यांनी १९६७-६८ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडला होता. सलाम हे श्रद्धाळू मुसलमान, अहमदिया पंथाचे. वाइनबर्ग हे घोषित नास्तिक आणि धर्मसंस्थांचे कठोर टीकाकार. एकाची प्रार्थना आणि दुसऱ्याचा नकार यांपैकी कशानेही त्या समीकरणात फरक पडला नाही. त्याआधी केंब्रिजमध्ये हार्डी या निरीश्वरवादी गणितज्ञाने १९१४ साली ज्याला बोलावून घेतले, तो रामानुजन आपल्या प्रतिभेचे श्रेय नामगिरी देवीला देत असे. हार्डीला ती देवी मान्य नव्हती, पण तिच्या भक्ताची प्रमेये त्याने तपासून पाहिली आणि त्यांतील सत्य स्वीकारले.

याहून बोधप्रद कथा विश्वोत्पत्तीच्या वादाची आहे, आणि तिचे एक टोक थेट पुण्यापर्यंत येते. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली सिद्धान्तरूपाने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. पुढे १९३१ मध्ये आद्य अणूपासून विश्वाचा आरंभ झाला असावा, ही कल्पना त्यांनीच मांडली. धर्मगुरूने सुचविलेला विश्वाचा आरंभ म्हणजे मागल्या दाराने आत आणलेला जगन्निर्माता, असा संशय अनेक निरीश्वरवाद्यांना आला. फ्रेड हॉइल त्यांपैकी एक. १९४८ साली त्यांनी, तसेच बाँडी आणि गोल्ड यांनी विश्वाला ना आदी ना अंत असा स्थिर स्थितीचा सिद्धान्त पुढे आणला. १९४९ मध्ये बीबीसीवरील भाषणात प्रतिपक्षाच्या सिद्धान्ताला ‘बिग बँग’ हे नाव दिले तेही हॉइल यांनीच. इकडे पोप बारावे पायस यांना मोह आवरला नाही आणि १९५१ मध्ये त्यांनी हा सिद्धान्त बायबलातील सृष्टिनिर्मितीला पोषक असल्याचे सांगून टाकले. लमेत्र यांना हे मुळीच रुचले नाही. आपला सिद्धान्त ईश्वरविषयक कोणत्याही प्रश्नाच्या बाहेरचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. वादाला कलाटणी मिळाली ती १९६५ मध्ये, पेंझियास आणि विल्सन या दोघांच्या अँटेनाने आकाशाच्या सर्व दिशांनी येणारा सूक्ष्म लहरींचा प्रारण टिपला तेव्हा. हॉइल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांनी त्यानंतरही गुरूंसह १९९३ मध्ये सुधारित सिद्धान्त मांडला आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन होईपर्यंत रूढ मताविषयीचे आपले आक्षेप सोडले नाहीत. त्यांचे आक्षेप निरीक्षणांवर होते आणि त्यांना उत्तरेही निरीक्षणांनीच दिली गेली. धर्मगुरूची उपपत्ती आज सर्वत्र शिकविली जाते आणि नास्तिकाची मागे पडली. यावरून ईश्वर सिद्ध झाला असे लमेत्र म्हणाले नाहीत. त्यांचा संयम पोपना साधला नाही.

याच नारळीकरांनी २००८ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून, कोणती पत्रिका कोणाची हे ज्योतिषांनी ओळखावे, असे तिचे स्वरूप होते. सत्तावीस ज्योतिषांच्या उत्तरांत बरोबर निघाली ती सुमारे ४६ टक्के. नाणे उडवूनही एवढी निघाली असती. ही विज्ञानाची रास्त कक्षा होय. पत्रिकेवरून बुद्धिमत्ता सांगता येते हा दावा पडताळता येतो, म्हणून विज्ञान त्याचा निकाल देऊ शकते. जगाच्या मुळाशी चैतन्य आहे की जड, या प्रश्नासाठी अशी दोनशे पत्रिकांची चाचणी बसविता येत नाही. तेथे विज्ञान गप्प बसते, आणि त्या मौनाचे भाषांतर ‘नाही’ असे करणारा वैज्ञानिक त्या वेळी तत्त्वज्ञ म्हणून बोलत असतो. रिचर्ड डॉकिन्स यांच्या २००६ मधील गाजलेल्या पुस्तकापासून जी नव-नास्तिकता इंग्रजी जगात पसरली, तिने हे भाषांतर फार सढळ हाताने केले. गंमत अशी की, हेच डॉकिन्स २०२४ च्या ईस्टरच्या सुमारास आपण सांस्कृतिक अर्थाने ख्रिश्चन असल्याचे सांगत होते. चर्चची गीते आणि कॅथेड्रल त्यांना हवी आहेत. श्रद्धा नसली तरी संस्कृतीशी नाळ असू शकते, हा शोध त्यांच्यासाठी वादळी ठरला. येथे १९२३ साली सावरकरांनी ‘हिंदुत्व’ ग्रंथात हिंदूची व्याख्या केली, तीत पितृभू आणि पुण्यभू आहेत, ईश्वरावरील विश्वासाची अट नाही.

सावरकरांचे नाव घेतल्यावर स्वपक्षालाही चार शब्द ऐकविणे भाग आहे. आपल्या मृत्यूनंतर क्रियाकर्म, पिंडदान करू नये, विद्युतदाहिनीत दहन करावे, अशी इच्छा लिहून ठेवणाऱ्या या क्रांतिकारकाचे नाव घेत विज्ञानाकडे पोथीच्या खरेपणाचा दाखला मागणारे लोक हिंदू समाजात कमी नाहीत. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्या निबंधाचा आधार असलेल्या ‘वैमानिक शास्त्रा’ची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच केली होती. तो ग्रंथ विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष उपलब्ध होता. आर्यभटाची ज्या-सारणी, सुश्रुताची नासिकासंधान शस्त्रक्रिया, केरळच्या माधवाची अनंत श्रेणी असे अस्सल वैभव घरात असताना खोटे दागिने मिरविण्याची हौस कशासाठी? श्रद्धेला विज्ञानाचे उसने प्रमाणपत्र आणणारे आणि नास्तिकतेला तेच आणणारे, दोघेही एकाच खिडकीसमोर उभे आहेत, आणि त्या खिडकीवर अशी प्रमाणपत्रे मिळत नाहीत.

भारतीय राज्यघटनेनेही ती वाटलेली नाहीत. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९७६ साली ऐन आणीबाणीत, नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद, शोधकबुद्धी आणि सुधारणा यांच्या विकासाचे कर्तव्य घातले गेले. त्या कलमात ईश्वर नाकारण्याचे कर्तव्य कोठेही नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः वारंवार सांगत की, आपली समिती देवाधर्माच्या विरोधात नसून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांच्या विरोधात आहे. त्यांच्या अनेक मतांशी या विचारपरिवाराचे तीव्र मतभेद होते आणि आहेत. चळवळीच्या टीकेची धार हिंदू रूढींवर जितकी चालते तितकी इतरांच्या चमत्कारसभांवर चालत नाही, ही तक्रार आजही जुनी झालेली नाही. परंतु २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांच्यावर झाडल्या गेलेल्या गोळ्या हे कोणत्याही वादाचे उत्तर नव्हते. त्या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ज्या परंपरेने चार्वाकाला ग्रंथाच्या पहिल्या पानावर बसविले, तिच्या रक्षणासाठी पिस्तूल लागते असे मानणाऱ्याने ती परंपरा वाचलेली नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारेही पुण्यातलेच होते. आज त्यांच्यापैकी कोणाचे नाव लोकांना आठवत नाही, आगरकरांचे आठवते.

खरा प्रश्न आहे तो महाविद्यालयात नुकत्याच पाऊल टाकलेल्या मुलाचा. विज्ञान शिकायचे तर घरातला देव्हारा लाजिरवाणा वाटला पाहिजे, अशी समजूत कोणी त्याच्या मनात भरवितो. त्याची आजी पंढरीची वारी करते, याचा त्याला संकोच वाटू लागतो. उलट बाजूने दुसरा कोणी त्याला सांगतो की उत्क्रांतिवाद शिकणे म्हणजे धर्म बुडविणे. दोघेही त्याला जी निवड करायला लावतात, ती मुळातच खोटी आहे. त्या मुलाला नास्तिकता जरूर शिकवावी; पण ती तत्त्वज्ञानाच्या तासाला, सांख्य, मीमांसा, चार्वाक आणि उदयन यांच्यासह, आणि इतिहासाच्या तासाला मॉस्को आणि तिराना यांच्यासह शिकवावी. पुष्पक विमान साहित्याच्या तासाला शिकवावे, कारण वाल्मीकींनी ते तेथेच ठेवले आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला सलाम आणि वाइनबर्ग यांचा सिद्धान्त फळ्यावर मांडावा, आणि त्या दोघांपैकी देव कोण मानत होता हे मुलाने विचारले, तर तास संपल्यावर सांगावे.